दाखला नाही, म्हणून दहावी नाही?

“मूल घरीच शिकतंय, परीक्षेची काय गरज?” असं म्हणणं ज्यांच्या घरात सात पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना परवडतं. आपल्याला नाही. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा भरली होती, ती काय उगाच?

वर्गातल्या जातीच्या टोमण्यांना कंटाळून मुलांना घरी बसवून शिकवणारे पालक आमच्याकडे येतात. आम्ही आधी विचारतो, शाळा सोडल्याचा दाखला घेतला का? राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं, पण तिथे दाखला मागतात. मग जी पोरगी शाळेची पायरीच चढली नाही, तिने काय करायचं? तिच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) दहावी आहे. वय १४ पूर्ण हवं, जन्माचा पुरावा हवा; आधीच्या शिक्षणाबद्दल स्वयंघोषणापत्र चालतं. मराठी माध्यमही आहे.

दाखल्यावर जात असते, हे मात्र विसरू नका. उद्या जात पडताळणी समितीसमोर मुलाची शालेय नोंद नसेल, तर वडील, आजोबा, आत्या यांचे दाखले आजच शोधून ठेवा. ऐन प्रवेशाच्या तोंडावर रेकॉर्ड रूमचे उंबरे झिजवण्यात अर्थ नाही.

आणि मूल काढून घेतलं म्हणून छळणारा शिक्षक सुटला, असं आम्ही मानत नाही. दहावीचा अर्ज भरा, त्याच आठवड्यात शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.