तळं राखणार नाही, पाणी मात्र चाखणार

‘तळं राखील तो पाणी चाखील’ ही म्हण मला पूर्वी चोरांची वाटायची. आता वाटतं, तिच्यात निदान राखण्याची अट तरी आहे. मातीच्या खासगी धरणांचे मालक तीही पाळत नाहीत. पाणी त्यांचं, नौकाविहार त्यांचा, काठावरचा बंगला त्यांचा. भराव फुटला की मरण तेवढं खालच्या वस्तीचं.

गेल्या मे महिन्यात असंच एक फार्महाउसचं तळं बघायला गेलो होतो. सांडव्याच्या तोंडाशी रेतीची पोती रचलेली, चांगले तीन थर. कशाला? “हातभर पाणी जास्त ऱ्हातं साहेब, होडी फिरते,” रखवालदार म्हणाला. भरावावर बाभळी माजलेल्या, घुशींची बिळं पडलेली. मागच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं. ओंजळीत धरलं, तर गढूळ.

तुम्ही जाणते आहात, या ओंजळीचा अर्थ तुम्हाला फोड करून सांगायला नको. पण मालकासाठी सांगतो. मातीचं धरण थोडंफार पाझरतंच. पाझर नितळ असेल तर त्यावर नजर ठेवावी. गढूळ झाला की समजावं, पाणी आता धरणाच्या पोटातली माती उचलून नेतंय आणि आत बोगदा पडतोय. आणि सांडवा? काँक्रीटच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं तरी ते एखादे वेळी तगेल. मातीच्या भरावावरून वाहू लागलं, की ते भराव कापतच खाली उतरतं. म्हणून सांडवा बांधतात. तो अडवणं म्हणजे उकळत्या कुकरची शिट्टी दाबून धरणं. मी मालकाला फोन केला. उत्तर आलं, “आमच्या जागेत तुमचं काय काम?”

काय काम? हवाईतल्या कावाई बेटावर जाऊन विचारा. ऊसमळ्यासाठी 1890 मध्ये बांधलेलं कालोको धरण पुढे मोटारींच्या एका गब्बर व्यापाऱ्याच्या हाती आलं. 1987 पासून तिथे धरण-सुरक्षेचा कायदा होता. तरी सरकारने या धरणाची एकदाही तपासणी केली नाही. 14 मार्च 2006 च्या पहाटे, संततधार पावसानंतर भराव फुटला. सात माणसं गेली, त्यांत एक गरोदर बाई. मग सांडव्याची शोधाशोध सुरू झाली, तर सांडवाच सापडेना! तो बुजवल्याचा आरोप मालकावर आला. 2014 मध्ये त्याला शिक्षा झाली सात महिन्यांच्या कैदेची. सात माणसं, सात महिने. माणशी एक महिना!

याच्याही आधीची, याहून भयंकर गोष्ट पेनसिल्व्हेनियातली. कालव्यासाठी बांधलेलं साउथ फोर्क धरण 1879 मध्ये पिट्सबर्गच्या कोट्यधीशांच्या क्लबाने घेतलं. कार्नेगी, फ्रिक, मेलन हे सगळे त्याचे सभासद. तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते. क्लबाने ते पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून बग्ग्या नीट जाव्यात म्हणून माथा खाली घेतला. तळ्यातले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या ठोकल्या. मासे सांभाळले, माणसं वाऱ्यावर सोडली! खालच्या जॉन्सटाउनमधल्या लोखंड कारखान्याने इंजिनिअर पाठवून धोका दाखवला, तर क्लबाने त्याला धुडकावून लावलं. 31 मे 1889 ला जाळ्यांत काटक्या-कचरा अडकला, पाणी माथ्यावरून वाहिलं आणि 2,209 माणसं मेली. 99 कुटुंबं मुळासकट गेली. क्लबाविरुद्ध भरपाईचा एकही दावा टिकला नाही. कारण? म्हणे देवाची करणी.

पाऊस अपौरुषेय असेल, मान्य. सांडव्यावरची जाळी अपौरुषेय कशी? ती कुणीतरी पैसे मोजून ठोकून घेतली होती. पण धरण फुटलं की मालक लगेच आस्तिक होतो. आपल्याकडे तर देवाचीही गरज पडत नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली आणि मंत्र्यांनी ठपका ठेवला खेकड्यांवर. ते धरण सरकारी होतं. जिथे सरकारच खेकड्यांच्या आड लपतं, तिथे खासगी मालकाला जाब कोण विचारणार?

कायदा विचारेल? 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटरच्या धरणांना तो लागू होतो, पण लांबी, साठा, पूर यांसारख्या अटींपैकी एखादी बसली तरच. त्याखालची धरणं त्याच्या हिशेबातच नाहीत. नऊ मीटरचा भराव फुटला तर खालच्या झोपडीत झोपलेलं पोर बुडत नाही का?

तत्त्व तर केव्हाचं ठरलेलं आहे. 1868 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने अशाच एका खासगी तळ्याच्या खटल्यात सांगितलं की घातक वस्तू आपल्या जागेत साठवणाऱ्याने ती निसटली तर भरपाई द्यावी. 1986 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने श्रीराम वायुगळती प्रकरणात धोकादायक उद्योगांसाठी देवाच्या करणीची पळवाटही बुजवली. तीच पळवाट खासगी धरणांसाठीही बुजवा. उंची कितीही असो, भरावाखाली घर असेल तर पावसाळ्याआधी तपासणी झालीच पाहिजे. तिचा खर्च मालकाने करावा आणि अहवाल वस्तीच्या चावडीवर लागावा. सांडव्यात एक पोतं दिसलं तरी गुन्हा नोंदवा, धरण फुटायची वाट बघू नका.

निघताना रखवालदाराला विचारलं, “घर कुठं तुमचं?” त्याने भरावाखालच्या ओढ्याकडे बोट दाखवलं. तिथली पहिलीच वाडी.

राखतो तो, चाखतो मालक. आणि बुडणार आहे तो राखणाराच.