चहाच्या जिवावर उठलेले

पैशाविषयी चार शब्द सांगायला बसलेला माणूस पहिला हात घालतो तो आपल्या चहाला. रोजचे दोन कटिंग बंद करा, ते पैसे गुंतवा आणि करोडपती होऊन निवृत्त व्हा. पुढे हॉटेलातला डोसा, मुलांचे आइस्क्रीम, दिवाळी अंक यांचीही पाळी येते, पण आरोपी क्रमांक एक चहाच.

आधी त्यांचाच हिशेब तपासू. पंधरा रुपयांचे दोन चहा म्हणजे महिन्याचे नऊशे. वर्षाला १२ टक्के धरून ते चाळीस वर्षे न चुकता वाढत राहिले, तर आकडा एक कोटी सहा लाखांच्या घरात जातो. गणित बरोबर आहे. फक्त एक गोष्ट सांगायची राहते. महागाई सहा टक्क्यांची धरली, तर चाळीस वर्षांनंतरच्या त्या रकमेची आजची किंमत साधारण दहा लाख भरते. चौदा हजारांहून जास्त दिवस चहाविना काढायचे आणि शेवटी हाती एक बरीशी गाडी!

मी हा प्रयोग महिनाभर केलेला आहे. खिशात छोटी वही ठेवून न प्यायलेल्या चहांची नोंद करत होतो. त्याच महिन्यात क्रेडिट कार्डाचे पन्नास हजार थकले होते आणि मी शहाण्यासारखा मिनिमम ड्यू भरून मोकळा झालो होतो. दरमहा साडेतीन टक्क्यांनी १,७५० रुपये व्याज, त्यावर जीएसटीचे ३१५. वहीत नऊशे वाचले, कार्डाने २,०६५ नेले. वहीत कार्डासाठी रकानाच नव्हता. चहा सोडण्याचा उपदेश बाधतो तो इथे. मन मारल्याचे समाधान मिळते आणि मोठ्या भोकाकडे बघायचे राहून जाते.

यावर उत्तर येईल की मुद्दा चहाचा नाहीच, शिस्तीचा आहे. तर मग शिस्तीचेच बोलू. रोज टपरीसमोरून जाताना मनाला आवर घालायचा, ही शिस्त कोणाला आणि किती वर्षे जमते? आपल्याकडे ज्यांच्या हातात पैसा शिल्लक राहिला, त्यांनी मनावर भरवसा ठेवलाच नाही. त्यांनी पैसा घ्यायला माणूस दारात बोलावला. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली ती याच जाणिवेतून. डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेचा माणूस रोज घरोघर, दुकानोदुकानी फिरायचा आणि दोन आणेसुद्धा घ्यायचा. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत संध्याकाळी उभे राहा, हातात छोटे मशिन घेतलेला पिग्मीवाला दिसेलच. भिशीचेही तेच. तारीख आली की पैसे द्यावेच लागतात. नाही दिले तर बारा जणींत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

सल्लागार या दोन्हींना हसतात. भिशीत व्याज शून्य, पिग्मीत नावापुरते, आणि मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी पदरचेच कापले जाते. हे आक्षेप मला मान्य आहेत. त्यांनी न घेतलेला एक मोठा आक्षेप मीच जोडतो. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दोन्हींच्या पाट्या दुरून सारख्याच दिसतात आणि पिग्मीवाला तर ओळखीचाच असतो. संस्था बुडाली की गावातली किती लग्ने अडतात, हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको.

पण दोष भांड्याचा असेल तर भांडे बदलावे, दूध कशाला ओतून द्यायचे? पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाणारा पोस्टाच्या आरडीचा किंवा एसआयपीचा हप्ता ही पिग्मीच आहे, माणसाविना. पीपीएफची पंधरा वर्षांची मुदत अनेकांना जाचक वाटते. मला तीच त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. न्यायालयाच्या हुकमानेही त्या खात्यावर जप्ती येत नाही, मग मेहुण्याच्या नव्या धंद्याची काय कथा!

ज्याचे उत्पन्नच महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे. अशा माणसाला बचतीचे प्रवचन देणे हा निर्दयपणा आहे. त्याला आधी रास्त मजुरी हवी. मात्र याच आक्षेपाचा आधार घेऊन गरीब बचत करूच शकत नाहीत असे कोणी म्हणू लागले, तर त्याने साताऱ्यातल्या म्हसवडला जावे. तिथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या लिहा-वाचायला शिकून परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या बायकांकडे बचतीची सवय आधीपासून होती. नव्हते ते स्वतःच्या नावाचे खाते. चहाचा हिशेब मांडणाऱ्यांच्या तक्त्यात खाते कोणाच्या नावावर, हा प्रश्न मला अजून आढळलेला नाही.

वही मी कधीच टाकून दिली. कार्डाचे थकलेले पैसे आधी फेडले, मग हप्ता लावला. चहा चालू आहे. माझ्या टपरीवर साडेसहाच्या सुमारास पिग्मीवाला येतो. चहावाला गल्ल्यातून शंभराची नोट काढून देतो, पावती न वाचताच खिळ्याला टोचतो आणि पातेल्यात पुन्हा साखर टाकतो. पंधरा रुपये माझेही त्या गल्ल्यात असतात.