सहलीचा सौदा : आधी माणसे पाहा, मग बेट

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी घरांत एक नवी चाल पडली आहे. ईदचा माल निघाला, बाजारातली उधारी थोडीफार वसूल झाली, की घरातली तरुण मंडळी मोबाईलवर निळ्या पाण्याचे फोटो दाखवतात आणि म्हणतात, ‘अब्बा, यंदा मालदीव.’ बापही खूष होतो. मुस्लिम मुल्क आहे, हलालची चिंता नाही, व्हिसा आधी काढावा लागत नाही, मुंबईहून थेट विमान आहे. ओळखीच्या एजंटाला फोन जातो आणि दोन दिवसांत सौदा पक्का होतो. जो माणूस शंभर ताक्यांचा माल घेताना प्रत्येक ताक्याचा काठ बोटाने चाचपून पाहतो, तोच माणूस काही लाखांची सहल नुसत्या फोटोवर उचलतो.

हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. २०१९ साली मीच हे केले. आम्ही सात माणसे होतो. अम्मा, आमच्या घरातून, दोन मुलगे, सून, मुलगी आणि मी. शिवाय अडीच वर्षांचा नातू. एजंटाने पाण्यावरच्या लाकडी खोल्या आणि ‘सगळे धरून’ असे चार रात्रींचे पॅकेज दिले. कोण येणार, कोणाचे वय काय, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

अम्मांचे गुडघे गेलेले. स्पीडबोटीतून धक्क्यावर चढताना पायरी उंच पडली, तेव्हा दोन खलाशांनी त्यांना दोन्ही बाजूंनी उचलून वर घेतले. परक्या पुरुषांनी उचलले याची त्यांना इतकी शरम वाटली, की पुढे चार दिवस जेवणाखेरीज त्या खोलीबाहेर पडल्या नाहीत. खोलीच्या मागच्या दारातून थेट समुद्रात उतरायच्या पायऱ्या, त्यांना कठडा नाही; म्हणून नातवासाठी कोणीतरी सतत दाराशी पहारा द्यायचा. हे काम अर्थातच बायकांकडे आले. पोहण्याच्या हौदाच्या मध्यभागी दारूचे दुकान. तिथे आमच्या घरच्या बायका जाणार कशा? मुलगे मात्र रोज पाण्यात. परत आल्यावर घरातून एवढेच ऐकले, ‘मुलांची सहल चांगली झाली.’ पुढचे वाक्य त्या बोलल्या नाहीत, पण मला कळले.

यात त्या रिसॉर्टचा दोष काढता येत नाही. त्यांचा माल नवपरिणित जोडप्यांसाठी आणि युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी होता, आणि तो त्यांनी उघड मांडला होता. मी माझ्या घराचे माप न घेता कपडा कापला.

म्हणून माझे म्हणणे असे, की अशा सहलीत बेट शेवटी ठरवावे. आधी कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहावे आणि पुढे दिवसाचे पहर मांडावेत. फजरनंतर हा काय करील, दुपारच्या उन्हात ती कुठे बसेल, असरनंतर अम्मा काय करतील, मगरिबनंतर सगळे एकत्र कुठे. ज्या नावापुढे दोन पहर रिकामे राहतात, त्या माणसासाठी ती सहल नाही, नुसती जागा बदलून कैद आहे. मी २०२३ साली दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा हा कागद केला. घरच्यांनी थट्टा केली, ‘अब्बांनी सहलीचे रोजमेळ काढले.’ करू द्या.

कागद तयार झाला की मग तिथली व्यवस्था समजून घ्यावी. मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत, त्यांपैकी दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती आहे. पर्यटन १९७२ साली सुरू झाले, तेव्हापासून रीत अशी, की रिसॉर्ट ओसाड बेटावर बांधायचे. एका बेटावर एकच. तिथे दारू मिळते, पाश्चात्य पेहराव चालतो, आणि गावाशी संबंध नाही. एकदा उतरलात की पाण्यापासून चहापर्यंत सगळे त्याच एका दुकानातून, त्याच्याच भावाने. २००९ नंतर सरकारने वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस काढायला परवानगी दिली. माफुशीसारखी बेटे त्यातूनच पुढे आली. तिथे दारूला बंदी आहे, पाच वेळा अजान ऐकू येते, गल्लीत दुकाने आहेत, चहाची हॉटेले आहेत. परदेशी बायकांच्या अपुऱ्या कपड्यांसाठी आडोसा केलेला वेगळा किनारा असतो. बाकी किनाऱ्यावर अंगभर कपड्यात वावरायचे. तिथल्या मुली, बायका कपड्यांनिशीच पोहतात. आपल्या लेकीसुनांना तिथे कोणी वळून पाहत नाही. माझ्या मते एकत्र कुटुंबाने मुक्काम वस्तीच्या बेटावर करावा आणि मुलांचा फार हट्ट असेल, तर एक दिवस जवळच्या रिसॉर्टमध्ये दिवसाच्या पासावर जाऊन यावे. जिथे दारू वाढली जाते अशा ठिकाणी जावे की नाही, हे आपल्या आलिमांना विचारावे. मी व्यापारी आहे, फतवा देणे माझे काम नाही.

पण हिशेबाची एक गोष्ट सांगतो. रिसॉर्टच्या ‘सगळे धरून’ भावात दारूची किंमत धरलेली असते. जो थेंबही घेत नाही, तोही ती भरतो. तिन्ही वेळच्या जेवणाचे पॅकेज वेगळे मिळते, तेच मागावे. भावाच्या पुढे अधिकची दोन चिन्हे दिसली, तर समजावे की सेवाशुल्क आणि कर वेगळे आहेत. पर्यटनावरचा हा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. शिवाय प्रत्येक माणशी, प्रत्येक रात्री हरित कर असतो. बोटीचे किंवा समुद्री विमानाचे भाडेही माणशी, आणि ते कित्येकदा खोलीच्या भावात नसते. सगळे मिळून एकूण आकडा लेखी घ्यावा. आपल्याकडे परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो आयकर रिटर्नमध्ये वजा करून घेता येतो, तेव्हा पावती पेढीवरच्या फाइलमध्येच ठेवावी. आणि हप्त्यावर सहल? व्याजाने समुद्र पाहण्यापेक्षा घरी बसलेले बरे.

वेळेचा एक घोटाळा बहुतेकांना माहीत नसतो. मालदीवची वेळ आपल्या अर्धा तास मागे आहे. पण अनेक रिसॉर्ट आपल्या बेटाचे घड्याळ राजधानी मालेच्या एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळ मोठी मिळावी म्हणून. मोबाईल एक वेळ दाखवतो, जेवणघर दुसरी. नमाजच्या वेळा आणि परतीचे विमान दोन्ही चुकू शकते. उतरल्याबरोबर विचारून घ्यावे. मुल्क विषुववृत्ताजवळ असल्याने मगरिब बाराही महिने सहाच्या आसपास; संध्याकाळचा कार्यक्रम त्या हिशेबाने ठेवावा. किब्लाही आपल्यासारखा जवळजवळ सरळ पश्चिमेला नाही, वायव्येकडे बराच झुकलेला आहे. समुद्री विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. म्हणजे तुमचे विमान संध्याकाळी पोचले, तर ती रात्र मालेजवळ काढावी लागते. तिचा खर्च वेगळा. शुक्रवारी सुट्टी असते, सरकारी फेरीबोटी सहसा बंद, जुम्याच्या वेळी दुकानेही बंद. आम्ही शुक्रवार मुद्दाम रिकामा ठेवला. बेटावरच्या मशिदीत बायकांसाठी जागा आहे म्हटल्यावर अम्मा आणि आमच्या घरातून दोघी खुर्ची घेऊन गेल्या. त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम नव्हता आणि कोणी मागितलाही नाही.

आता माझ्या धंद्याचे बोलतो, कारण पाण्यातला पेहराव हा विषय कोणी नीट सांगत नाही. आपल्या बायका सुती सलवार-कमीज आणि ओढणी घालून समुद्रात उतरतात. सुती कापड पाणी पिते, जड होते, अंगाला चिकटते आणि हातपाय अडकतात. ओढणी गळ्याला गुंडाळण्याचा धोका वेगळा. परदाही राहत नाही आणि जीवही सुरक्षित नाही. पॉलिएस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडा लायक्रा घातलेले विणीचे कापड पाणी धरत नाही, लवकर वाळते आणि अंगापासून सुटे राहील असे शिवता येते. गडद रंग आणि आत अस्तर घ्यावे, कारण फिकट रंग ओला झाला की आरपार दिसतो. अंगभर पोहण्याचा पोशाख, ज्याला बुर्किनी म्हणतात, तो ऑस्ट्रेलियातल्या आहेदा झानेट्टी या लेबनानी वंशाच्या बाईंनी २००४ साली काढला. आज तो जगभर विकला जातो. आमच्या सुनेसाठी मुंबईत शोधला, तेव्हा मिळाला तो बाहेरून आलेला आणि महाग. दुसऱ्या वेळी मी सुरतेहून कापड आणले आणि आमच्याच मोहल्ल्यातल्या दर्जीकडून तीन पोशाख शिवून घेतले. पहिल्याची शिवण पाण्यात उसवली. साधा धागा आणि साधी टीप चालत नाही, ताणली जाणारी ओव्हरलॉक शिवण लागते. दुसरा, तिसरा उत्तम निघाला. भिवंडी, मालेगावच्या ज्या भावांकडे शिलाईचे कारखाने आहेत, त्यांनी हा माल एकदा करून पाहावा. गिऱ्हाईक आपल्याच घरात बसले आहे.

मुलांच्या बाबतीत एकच सक्त नियम ठेवावा. प्रवाळाच्या कड्याच्या आतले उथळ पाणी शांत असते, तिथे खुशाल खेळू द्यावे. कड्याबाहेर आणि दोन बेटांमधल्या खाडीत प्रवाह जोरात असतो. तिथे पट्टीचा पोहणाराही वाटाड्याशिवाय जाऊ नये. पाण्यात तोंड घालून मासे पाहायचे असतील, तर जाकीट घालूनच. प्रवाळावर पाय देऊ नये; पाय कापतो आणि प्रवाळ मरते. प्रवाळ किंवा वाळू बरोबर आणण्यास कायद्याने मनाई आहे, ते विमानतळावर काढून घेतात. दुपारचे अकरा ते तीन छपराखाली.

हवामान पाहून महिना धरावा. डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे दिवस. आपल्या शाळांच्या सुट्टीतला एप्रिलचा शेवट साधला तर बरे, जूनमध्ये खोली स्वस्त मिळते पण म्हाताऱ्या माणसाला बोटीत त्रास होतो. परदेशच नको असेल, तर आपले लक्षद्वीप आहेच. मिनिकॉय बेटावर तर मालदीवचीच भाषा बोलतात. परवाना आधी काढावा लागतो आणि राहण्याच्या जागा थोड्या आहेत, एवढेच.

एक दिवस माले शहरासाठी राखावा, विशेषतः घरात शिकणारी मुले असतील तर. १६५८ साली पुरी झालेली जुनी जुमा मशीद तिथे आहे, प्रवाळाच्या दगडात कोरलेली. इमारतीचे तोंड किब्ल्याकडे नसल्याने आतल्या सफा तिरप्या आहेत. आत जाता येईल का, ते आधी विचारावे. इब्न बतूता १३४३ साली या बेटांवर आला आणि काझी झाला. इथल्या कवड्या बंगालात जात आणि बदल्यात तांदूळ येई, इथल्या काथ्याच्या दोराने जहाजे शिवली जात, हे त्याने लिहून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांच्या पेढ्या मालेत होत्या. माझ्या धाकट्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून जे कळले नव्हते, ते तिथल्या बाजारात उभे राहून कळले. तिथले जुने विणकाम म्हणजे फेली, काळ्या रंगावर पांढऱ्या पट्ट्यांची जाड लुंगी. आणि बायकांच्या लिबासच्या गळ्याभोवतीचे जरीचे काम. गळ्याचे काम मी बराच वेळ उलटून पाहिले. आपल्या कारागिरांनी पाहावे असे आहे. भेटवस्तूंच्या दुकानांत मात्र पुष्कळ माल बाहेरून आलेला असतो, विचारून घ्यावा.

अम्मांच्या नावापुढे आम्ही काचेच्या तळाची बोट लिहिली होती आणि शेवटच्या संध्याकाळी मासेमारी. या वेळी बोट ठरवताना धक्क्याची उंची विचारली होती, भरतीची वेळ विचारली होती आणि हात द्यायला दोन्ही मुलगे पुढे उभे होते. मगरिब बोटीवरच झाली. मग नावाड्याने सगळ्यांच्या हातात गळाची दोरी दिली; अशा मासेमारीत काठी वापरत नाहीत. अम्मा खुर्चीवर बसून ‘मला काय जमणार’ म्हणत होत्या आणि पहिला मासा त्यांच्याच दोरीला लागला. त्यांनी तो नावाड्याकडे देताना विचारले, ‘बेटा, याला तुमच्यात काय म्हणतात?’ त्याने नाव सांगितले. परतीच्या वाटेभर त्या ते नाव नातवाकडून म्हणून घेत होत्या.