पिस्टनची साक्ष घ्या, मग निकाल द्या

बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आणि कोळसा खाणींत कामाला जाणाऱ्या एका पिढीने राजदूतवर आयुष्य काढले. पोलंडच्या एसएचएलच्या धर्तीवर एस्कॉर्ट्सने काढलेली ही १७५ सीसीची टू-स्ट्रोक. आज मुले बापाची तीच गाडी बाहेर काढतात. बोअरिंग होते, नवा पिस्टन बसतो, टाकी चमकते. आणि गोंडपिपरीच्या रस्त्यावर मे महिन्यात इंजिन जाम होते. निकाल तिथेच लागतो: मिस्त्रीने काम बिघडवले.

साक्षीदाराला न विचारता दिलेला निकाल अन्यायच असतो. इथे साक्षीदार पिस्टन आहे.

आधी क्लच दाबून गाडी ढकलून पाहा. तरीही चाक अडत असेल, तर दोष गिअरबॉक्स, चेन किंवा ब्रेककडे शोधा. चाक सुटले, तर इंजिन. ते थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनावर किक मारून ओरखडे वाढवू नका. मग सायलेन्सर काढा. एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनची एक बाजू हेड न खोलताही दिसते.

पिस्टनवर चार ठिकाणी सारखे उभे ओरखडे असतील, तर तो सिलिंडरपेक्षा लवकर फुगला. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. फट कमी ठेवली असेल, किंवा नव्या इंजिनाला पहिल्याच दिवशी पिळले असेल. पहिला दोष बोअरिंगचा, दुसरा चालवणाऱ्याचा. सगळीकडे घासले असेल, तर ऑइल कमी पडले. या जुन्या गाड्यांना २० ते २५ लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल लागे. अंदाजाने ओतून भागत नाही. एक्झॉस्टकडेच भाजले असेल आणि प्लग पांढराफटक असेल, तर हवा जास्त, पेट्रोल कमी. कडक झालेले क्रँकचे ऑइल सील, कार्बोरेटरची सैल गॅस्केट किंवा पुढे सरकलेले टायमिंग तपासा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आणखी हलके होते, आणि जुने रबरही त्यात टिकत नाही.

यातली अर्धी कारणे मिस्त्रीच्या हाताबाहेरची आहेत. पण मिस्त्रीनेही कारण न शोधता पुन्हा बोअर मारू नये. प्रत्येक बोअरिंगमध्ये सिलिंडरचे बीड जाते, ते परत येत नाही. कारण तेच राहिले, तर तिसरा पिस्टनही तसाच जाम होणार.

म्हणून जळका पिस्टन भंगारात टाकू नका. मालक आणि मिस्त्री दोघांनी तो उजेडात धरून एकत्र पाहावा. खाणीच्या धुळीत आणि ४५ अंशांच्या उन्हात जुनी गाडी टिकवायची असेल, तर दोघांमधला विश्वासही टिकायला हवा. तो पुराव्यावरच टिकतो.