'केजीएफ'चं सोनं सगळ्यांनी पाहिलं, फुप्फुसं कुणाची होती?

गेल्या भीमजयंतीला आमच्या वसाहतीत एक डिजिटल फलक लागला होता. वरच्या कोपऱ्यात बाबासाहेब, आणि मधोमध आमचाच एक कार्यकर्ता. वाढवलेली दाढी, हातात घण, 'केजीएफ'मधल्या रॉकीची पोज. मी त्याला विचारलं, "काय रं भावा, ती खाण कुणाची होती, माहीत आहे का?" तो हसून म्हणाला, "रॉकीभाईची, दादा."

त्याची चूक नाही. २०१८ आणि २०२२ असे दोन भाग आले, कोल्हापुरातल्या पोरांनी शिट्ट्या मारून पाहिले, मीही पाहिले. साडेपाच तासांत सोनं दिसतं, चाबूक दिसतो, बंदुका दिसतात, आईला दिलेला शब्द दिसतो. गुलाम म्हणून राबणारे हजारो कामगार दिसतात, पण त्यांना जात नाही, संघटना नाही, आणि त्यातला एकही खोकत नाही. खाणीवरचा सिनेमा आणि कुणी खोकत नाही! ज्याने एक दिवस खडी क्रशरवर काढला असेल त्याला यातला खोटेपणा लगेच कळेल.

खऱ्या कोलारची गोष्ट अशी. तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात, १८८० पासून, जॉन टेलर अँड सन्स या लंडनच्या कंपनीने तिथे खाणी चालवल्या. वर साहेब, त्यांचा क्लब, त्यांचे बंगले. मधल्या जागांवर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन. आणि खाली, जमिनीच्या पोटात, उत्तर अर्काटकडून आणलेले तमिळ मजूर. त्यातले बहुसंख्य परैयर आणि इतर अस्पृश्य, म्हणजे आपलीच माणसं. खाण पुढे तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथला खडक साठ अंशांच्या पुढे तापलेला असे. हीच माणसं पंडित अयोध्यादास यांच्या शाक्य बौद्ध चळवळीत गेली. कोलारच्या मारिकुप्पममध्ये त्या चळवळीची शाखा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच होती. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या कितीतरी आधी खाणकामगार तिथे बुद्धाला शरण गेले होते. १९३० साली कंपनीने बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायला सुरुवात केली, तेव्हा याच माणसांनी संप करून खाणी बंद पाडल्या. त्यांना कुठल्या रॉकीभाईची गरज पडली नव्हती.

आणि ती खोकत होती.

खडकात सिलिका असते. कोरडा ड्रिल मारला, सुरुंग लावला की तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते. ती नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे व्रण होतात, फुप्फुस आतून कडक होत जातं. काम सोडलं तरी हा रोग थांबत नाही, त्याला बरं करणारं औषध नाही, आणि त्याच्या पाठोपाठ टीबी येतो. याला सिलिकोसिस म्हणतात. १९४० नंतर कोलारमध्ये सात हजारांहून अधिक कामगार तपासले, तेव्हा शंभरातल्या चाळिसांहून जास्त जणांना तो निघाला. आता तारखा बघा. दक्षिण आफ्रिकेत खाणकामगारांच्या फुप्फुसरोगाच्या भरपाईचा कायदा झाला १९११ साली. ब्रिटनमध्ये सिलिकोसिसच्या भरपाईचा कायदा झाला १९१८ साली. म्हैसूर संस्थानात सिलिकोसिसचे नियम आले १९४० साली. खाणीची मालकी लंडनमध्ये, कायदा लंडनमध्ये, विज्ञान लंडनमध्ये. ते कोलारला पोचायला बावीस वर्षं लागली. सोन्याला मात्र कोलारहून लंडनला जायला कधी उशीर झाला नाही.

मागे एका चर्चेत मी हे मांडलं, तर एक डावे प्राध्यापक मित्र म्हणाले, "अहो, धूळ काय जात विचारते का? हा वर्गाचा प्रश्न आहे, त्यात जात कशाला आणता?" टाळ्याही पडल्या. खरं आहे, धूळ जात विचारत नाही. पण धुळीसमोर कुणाला उभं करायचं, हे जातीनेच ठरतं. पाण्याचा फवारा मारून ओला ड्रिल कुठे चालवायचा आणि कोरडा कुठे, एक्स-रे कुणाचा काढायचा, आजारी पडल्यावर पैसे कुणाच्या हातात ठेवायचे आणि कुणाला रेल्वेत बसवून गावी पाठवायचं, हे सगळं माणसं ठरवतात, आणि माणसं जात-वंश पाहूनच ठरवतात. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक दाखवून दिला होता. आमचे डावे मित्र ते पुस्तक कपाटात ठेवतात, उघडत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण तर आरशासारखं स्वच्छ आहे. एकच खाण, एकच धूळ. गोऱ्या कामगाराला तपासणी, भरपाई, पेन्शन. काळ्या कामगाराला थोडी रक्कम हातावर टेकवून गावाकडे रवानगी. तो तिकडे आपल्या झोपडीत मरायचा, म्हणून खाणीच्या मृत्यूंच्या यादीत यायचाच नाही. पीटर अब्राहम्स या काळ्या लेखकाने १९४६ सालच्या 'माइन बॉय' कादंबरीत हे पकडलं आहे. त्यात एक कामगार खोकल्यातलं रक्त लपवतो, कारण आजार कळला तर काम जाईल आणि डोक्यावरचं कर्ज तसंच राहील. त्या एका लपवण्यात वंशवादाची अख्खी यंत्रणा दिसते. पुढे २०१९ साली तिथल्या न्यायालयाने सोन्याच्या कंपन्यांशी झालेली तडजोड मान्य केली, रक्कम पाच अब्ज रँड. हा खटला कोर्टात उभा राहण्याच्या कितीतरी आधी साहित्यात उभा राहिला होता. म्हणूनच कथा-कादंबरीत रोग येतो की नाही, याला मी एवढं महत्त्व देतो.

याच्या शेजारी क्रोनिनची 'द सिटाडेल' ठेवा. १९३७ सालची कादंबरी, वेल्सच्या कोळसा खाणी, फुप्फुसाच्या रोगावर संशोधन करणारा तरुण डॉक्टर. पुस्तक चांगलं आहे, वाचावं. पण गोष्ट डॉक्टरची आहे, खोकणाऱ्याची नाही. १९७१ साली विजय आनंद यांनी त्यावरून 'तेरे मेरे सपने' काढला, तिथे तर खाण डॉक्टरच्या आदर्शवादाचा पडदा होऊन मागे राहिली. उपकार करणारा मध्ये आणि मरणारा मागे, ही मांडणी आपल्याला नवी नाही. हरिजन सेवेच्या कथांत ती आपण खूप भोगली आहे.

पा. रंजित यांचा 'तंगलान' २०२४ साली आला, त्याबद्दल मला आदर आहे. कोलारचं सोनं शोधायला साहेबाने नेलेली माणसं कोण होती, हे त्यांनी डोळ्यात डोळे घालून सांगितलं. बुद्धही आणला. तरी एक तक्रार आहे. तिथे सोन्यावर मंत्र-मायेचं आवरण आहे, रक्ताचा, शापाचा खेळ आहे. शाप म्हटला की कुणी जबाबदार राहत नाही. सिलिकाची धूळ हा शाप नाही. ती मोजता येते, पाण्याने दाबता येते, हवा खेळती ठेवून कमी करता येते, आणि हे सगळं करायला पैसे लागतात म्हणून करत नाहीत. आपल्या कलावंतांनी दैवी भाषेकडे जाताना हे भान ठेवायला हवं. दैवाची भाषा आपल्या विरोधात दोन हजार वर्षं वापरली गेली आहे.

आता आपल्या घराकडे वळू. अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' बहुतेकांनी शाळेत नाहीतर जयंतीच्या कार्यक्रमात ऐकलेली असते. वारणाकाठचा भीमा, म्हणजे आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या शिवेवरचा गडी, मुंबईला जातो. तो प्रेतांच्या राखेतून सोनं शोधतो, कोल्ह्यांशी झुंजतो, आणि शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. इथवर सगळ्यांना आठवतं. पण भीमा स्मशानात का गेला? तो दगडाच्या खाणीत काम करत होता आणि ती खाण बंद पडली म्हणून गेला. शेवट काय आहे? दोन बोटं कापली गेली त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. गोष्ट खाणीत सुरू होते आणि खाणीतच संपते. आपल्या समीक्षकांनी मात्र तिला भुकेची, भयाची, फार तर 'मानवी प्रवृत्तीची' कथा करून टाकलं. 'मानवी प्रवृत्ती'! खाण चालवणारा आणि बंद करणारा कोण, हे विचारलं की त्यांच्या समीक्षेला घाम फुटतो.

मी अण्णा भाऊंच्या पुढेही एक प्रश्न घेऊन जातो, त्यांचा वारस म्हणून. भीमाची बोटं वाचली असती आणि तो खाणीत परत गेला असता, तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याचं काय झालं असतं? ती गोष्ट कुणी लिहिली? आपल्या आत्मकथनांनी भाकरी लिहिली, पाणवठा लिहिला, गावकुसाबाहेरची झोपडी लिहिली. फुप्फुस फार कमी लिहिलं. गोव्यात पुंडलिक नाईक यांनी १९७७ साली कोकणीत 'अच्छेव' लिहिली. पोर्तुगीजांच्या काळात वाटलेल्या खाणपरवान्यांनी पुढे गावं कशी पोखरली, ते त्यात दिसतं. शेजारच्या कोकणीला जमलं ते मराठीने मनावर घेतलं नाही.

आणि हा जुना काळ नव्हे. कोल्हापूरभोवतीच्या दगडखाणी आणि क्रशर बघा, तिथे घण, पहार, सुतकी कुणाच्या हातात आहे? वडार बांधवांच्या आणि आपल्या. माझ्या ओळखीतला एक वडार गडी, वय पन्नाशीच्या आत, तीन वेळा टीबीचा कोर्स करून बसला आहे. तीन वेळा! त्याला एकाही दवाखान्यात कुणी विचारलं नाही की बाबा, काम काय करतोस? मी विचारलं तर म्हणाला, "लहानपणापासनं खडी फोडतोय. पण ते आजाराशी काय संबंध?" सिलिकोसिस कायद्याने कळवण्याचा रोग आहे, कारखाना कायद्यात होता, १९५२ च्या खाण कायद्यात होता. पण टीबी लिहिला की रोग गरिबाचा होतो, सिलिकोसिस लिहिला की मालकाचा होतो. मालकाकडे हजेरीपट नाही, मुकादम ओळख देत नाही. राजस्थानने २०१९ साली यासाठी वेगळं धोरण केलं, तेही दगडकामगारांनी वर्षानुवर्षं लढून करायला लावलं.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणींत गेले, स्वतः खाली उतरले. १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. विरोधक आपल्यावर एक गोष्ट फेकतात, की १९४३ साली बायकांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी याच मजूरमंत्र्यांच्या काळात उठली. हो, उठली. युद्धाच्या काळात, समान कामाला समान मजुरीच्या अटीवर, आणि १९४६ साली पुन्हा लागू झाली. हे लपवायचं कशाला? त्या अडीच-तीन वर्षांत खाली उतरलेल्या बाईची गोष्ट आपणच लिहायला हवी, नाहीतर ती आपल्याविरुद्ध लिहिली जाईल.

पुढच्या रविवारी आमच्या वाचनगटात 'स्मशानातील सोनं' घेतो आहोत, सुरुवातीच्या खाणीपासून. त्या वडार मित्राला बोलावलं आहे. तो जुने एक्स-रे घेऊन येणार आहे. फलकावरचा आमचा रॉकी खुर्च्या लावायला येतो म्हणालाय. ज्यांच्या घरात कुणी क्रशरवर, खाणीत, विहिरीच्या सुरुंगावर काम केलं आहे आणि टीबीची औषधं घेऊनही बरं झालेलं नाही, त्यांनी कागद घेऊन यावं: कुठे, किती वर्षं, कुणाच्या हाताखाली. तारखा आठवत नसतील तर पोराच्या जन्माचं, पुराचं वर्ष सांगा, चालेल.

जय भीम.