मोह घरच्यांच्या नावाने येतो

अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूला सैतान पहिल्यांदा काय म्हणाला? या दगडांच्या भाकरी कर. जगातली राज्यं, मंदिराच्या टोकावरून उडी, हे सगळं नंतर. उरलेल्या दोन परीक्षांचा क्रम मत्तयाकडे एक आणि लूककडे दुसरा आहे, पण पहिली दोघांकडेही भाकरीचीच. मला तीच सगळ्यांत अवघड वाटते. सत्तेचा हव्यास लांबूनही ओळखू येतो. भुकेल्याने भाकर खाल्ली तर बिघडलं कुठे, याचं उत्तर मात्र चटकन सापडत नाही. खोट भाकरीत नव्हतीच. सर्वांसाठी मिळालेलं सामर्थ्य आधी आपल्या पोटासाठी वापर, असं ते आमिष होतं.

उपवासकाळात आपल्या वसईच्या चर्चमधून दारूवर बोललं जातं, लग्नातल्या उधळपट्टीवर बोललं जातं, अलीकडे मोबाइलवरही. बोललंच पाहिजे, दारूने बसलेली घरं प्रत्येक गावात आहेत. पण ज्या मोहाने गेल्या चाळीसेक वर्षांत वसईचं रूप पालटलं, तो पापनिवेदनात फारसा येत नाही. तो व्यवहार म्हणून सुटून जातो.

टँकरचंच बघा. वसई रोड, नालासोपारा, विरारला इमारती उठल्या, त्यांना पाणी हवं होतं, आणि आपल्या वाड्यांतल्या विहिरींना पाणी होतं. पंप लावायचा, टँकर भरायचा, रोख पैसे घ्यायचे. केळीसाठी वर्षभर राबावं लागतं, पानवेलीला रोज हात लावावा लागतो. विहीर मात्र मालक झोपलेला असतानाही पैसे देत होती. पाणी विकणारे दुष्ट नव्हते. कुणाच्या मुलीचं लग्न होतं, कुणाच्या मुलाची फी होती, कुणाच्या आईचं ऑपरेशन. कारणं खरीच होती. पण समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं राहतं. उपसा हद्दीबाहेर गेला की खालचं खारं पाणी वर सरकतं आणि ते बांध बघत नाही. पैसे एका घरात येतात, मचूळ पाणी शेजारच्या विहिरीत. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारी बावखलं बुजवली गेली ती वेगळीच. चोरीविषयीची आज्ञा लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलेल्या माणसांकडून हे झालं, आणि रविवारची मिस्सा कुणी चुकवली नाही.

यहोशवाच्या पुस्तकातला आखान मला इथे आठवतो. यरिहोच्या लुटीतला एक उंची झगा, दोनशे शेकेल चांदी आणि सोन्याची एक वीट त्याने आपल्या तंबूत पुरून ठेवली. त्याच्या तंबूत काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पुढच्या लढाईत हार मात्र साऱ्या लोकांची झाली.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून दिलेला लढा आता सरकार आणि बिल्डरांविरुद्धचा म्हणून सांगितला जातो. 2024 च्या जुलैमध्ये फादर गेले तेव्हाही त्याच अंगाने लिहिलं गेलं. त्या लढ्याला आणखी एक बाजू होती आणि माझ्या लेखी तीच मोठी. पाणी आणि जमीन वाचवा म्हणणं म्हणजे समोरच्या बाकांवर बसलेल्या भाविकांच्या कमाईबद्दलही बोलणं. परक्याच्या पापावर प्रवचन देणं सोपं असतं.

जमीन विकताना तर मोह एकटा येत नाही. खरेदीखतात एक आकडा आणि हातात दुसरा. त्याआधी बहिणींना बोलावणं जातं. ख्रिस्ती माणसाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी समान वाटेकरी आहेत. तरीही हक्कसोडपत्र पुढे सरकवलं जातं. बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते, भाऊ तिला साडी देतो, सगळे मिळून जेवतात. त्या जेवणाआधी प्रार्थनाही होते. मला याचा मनापासून त्रास होतो. भावाचं म्हणणं असतं, मी माझ्या मुलांसाठी करतोय. बहिणीलाही मुलं असतात.

घरच्यांच्या नावाने येणारा मोह नाकारला तर सोसावं घरच्यांनाच लागतं, हेही तितकंच खरं आहे आणि ते लपवून साधुत्वाच्या गोष्टी सांगू नयेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मिशनचा पगार सोडला. केवढी मोठी गोष्ट! पण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि त्याची झळ संसाराला कशी लागे, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचावं. म्हणून मला वाटतं, नकार एकट्या कर्त्या पुरुषाने ठरवू नये. नवरा-बायकोने, कळत्या मुलांनी एकत्र बसून ठरवावा. या पैशाने फी भरली जाईल, पण कुणाची विहीर खारट होईल, हे मुलाला सांगून बघा. आपण समजतो त्यापेक्षा मुलं कमी मागतात.

संत इग्नेशियस लोयोलांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली, ती मला या कामी फार उपयोगी वाटते. देवाचे आभार मानायचे, प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने तपासायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्यासाठी निश्चय करायचा. विरार लोकलमध्ये उभ्याउभ्याही होतं. मात्र दिवस तपासताना राग आला का, वाईट विचार आला का, एवढ्यावर थांबू नये. आज हातात आलेला पैसा कुठून आला, तो कुणाचा होता, हेही तिथेच विचारावं. जकातदार जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा त्याने थेट हिशेब मांडला: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत.

पापनिवेदनाच्या तयारीसाठी भाविकांपुढे प्रश्न ठेवले जातात. यंदाच्या उपवासकाळात प्रत्येक धर्मग्रामाने त्यांत तीन प्रश्न वाढवावेत, अशी माझी धर्मगुरूंना आणि पॅरिश कौन्सिलच्या सभासदांना विनंती आहे. माझ्या विहिरीचं पाणी कुठे जातं? माझ्या खरेदीखतातला आकडा खरा आहे का? माझ्या बहिणीने सही कशी केली? आणि ज्यांना वाटा परत द्यायचा आहे, पण कागदपत्रं कशी करायची कळत नाही, त्यांच्यासाठी धर्मग्रामातल्या एखाद्या वकिलाने रविवारच्या मिस्सेनंतर तासभर बसावं.