मागणी नाही की माहिती नाही?

बचतगटाच्या बैठकीत एका आईने विचारलं, "ताई, लेक संरक्षणशास्त्र घेते म्हणते. पुढं काय?"

पुणे विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, एम.ए. करता येतं. पण आमच्या नवलाख उंबऱ्यात हे किती जणींना ठाऊक? मग आंतरराष्ट्रीय सुरक्षेचा नवा अभ्यासक्रम काढताना 'मुलींची मागणी नाही' म्हणणं सोपंच! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली केली. मे २०२५ मध्ये १७ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. दार उघडलं, तेव्हाच मागणी दिसली.

मागणी मोजणाऱ्यांनी गावात यावं. फी, वसतिगृह, नोकरी यांबद्दल आयांशी बोलावं. आणि मैत्रिणींनो, 'हे बायकांचं काम नाही' म्हणण्याआधी आपणही चौकशी करूया.